खोट्या विमानातले खरे बिघाड

कामगार संघटनेचा माणूस ह्या व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो बोनसविषयी किंवा कामगार कायद्याविषयी बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आम्ही आज विमानांविषयी बोलणार आहोत, आणि तीही जमिनीवरून कधीच न उठलेल्या विमानांविषयी. आम्ही वैमानिक नाही. आमचे शालेय शिक्षणही बेताचेच. परंतु यंत्र आणि ते चालवणारा माणूस ह्यांच्यातील भांडणे ऐकण्यात आमची तीस वर्षे गेली, आणि हा विषय अखेरीस त्याच भांडणाचा आहे.

आमच्या संघटनेतला एक तरुण फिटर घरी कंप्युटरवर विमानयुद्धाचा खेळ खेळतो. दुसऱ्या महायुद्धातील जुनी विमाने त्यात हुबेहूब उभी केलेली असतात. एकदा तो आमच्याकडे रडकुंडीला येऊन म्हणाला, "अण्णा, दोन रविवार वाया गेले. स्पिटफायर खाली झुकवलं की इंजिन खोकतं आणि बंद पडतं. जॉयस्टिक बदलली, वायर बदलली, सगळा खेळ पुसून परत भरला. तरी तेच!" आम्ही त्याला म्हटले, "अरे, कंप्युटरचं आम्हाला काय कळतं?" तरी कुतूहल म्हणून पुस्तके चाळली, तेव्हा उलगडा झाला. त्याच्या कंप्युटरात काहीही बिघडलेले नव्हते. तो बिघाड 1940 सालचा होता, आणि खेळ रचणाऱ्यांनी तो जाणूनबुजून जसाच्या तसा ठेवला होता.

बिघाड कोणता हे पुढे सांगू. आधी ही खोटी विमाने आली कोठून ते पाहिले पाहिजे.

1910 च्या सुमारास फ्रान्समध्ये आंत्वानेत नावाच्या विमानाचे शिक्षण देण्यासाठी एक यंत्र केले गेले. यंत्र म्हणजे काय, तर पिंपाचे दोन अर्धे तुकडे एकावर एक बसवलेले. वरच्या तुकड्यात विद्यार्थी बसे, आणि बाहेर उभी असलेली माणसे दांडे धरून ते पिंप हलवीत. विद्यार्थ्याने हातातील चाके फिरवून ते समतोल ठेवायचे. पहिल्या सिम्युलेटरमधील वारा माणसांच्या दंडातून येत होता, ही गोष्ट आम्हांस फार आवडली.

दंडाच्या जागी भाता आणला तो अमेरिकेतील एडविन लिंक ह्याने. त्याच्या वडिलांचा न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन गावी पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. तेथे आपोआप वाजणारे पियानो तयार होत. कागदाच्या गुंडाळीवर भोके पाडलेली असत. भोक आले की हवेचा रस्ता उघडे, छोटा भाता मिटे आणि पट्टी दाबली जाई. आपल्याकडे चादरीच्या जेकार्ड मागावर पुठ्ठ्याची भोकांची पाने फिरताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस ह्यापेक्षा अधिक सांगणे नको. लिंक त्याच कारखान्यात हाताने काम करून वाढला. 1920 साली त्याने पन्नास डॉलर मोजून विमानाचा पहिला धडा घेतला, आणि शिक्षकाने त्याला एकदाही दांड्याला हात लावू दिला नाही. जवळ पैसा नसलेल्या माणसाने उडायला शिकावे कसे, हा प्रश्न त्याच्या डोक्यात तेव्हापासून राहिला.

कारखान्याच्या तळघरात खटपट करून त्याने एक बुटके, आखूड पंखांचे, खेळण्यासारखे विमान तयार केले व 1929 साली पेटंटसाठी अर्ज दिला. विमानाच्या पोटाखाली भाते. विजेचा पंप त्यांतील हवा शोषून घेई. विद्यार्थ्याने दांडा डावीकडे नेला की झडप उघडून डावीकडचा भाता मिटे व विमान त्या अंगावर कले. पेटी वाजविणाऱ्यांस हे चटकन उमगेल. येथे भात्याने सूर काढण्याऐवजी माणसाला झुलवायचे, एवढाच फरक. पुढे ह्या पेटीवर झाकण आले. आतील माणसास बाहेरचे काही दिसत नसे. समोर फक्त काटे व तबकड्या. शेजारच्या मेजावर शिक्षक बसे, आणि मेजावरील नकाशावरून तीन चाकांचे एक छोटे यंत्र शाईची रेघ ओढीत सरके. विद्यार्थी मनाने कोठे चालला होता आणि प्रत्यक्षात कोठे पोहोचला, हे ती रेघ सांगे.

प्रारंभी ह्या यंत्राला गिऱ्हाईक मिळाले ते जत्रेतल्या करमणुकीच्या बागांतून. लष्कराने फारशी दखल घेतली नाही. मग 1934 चा फेब्रुवारी आला. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनी खाजगी कंपन्यांची विमानटपालीची कंत्राटे रद्द करून ते काम लष्कराच्या वैमानिकांवर सोपविले. हिवाळा भर, ढग, रात्र. ह्या वैमानिकांस केवळ काट्यांवर भरवसा ठेवून उडण्याचे पुरेसे शिक्षण नव्हते. थोड्याच आठवड्यांत अपघातांची रांग लागली आणि दहाहून अधिक वैमानिक मेले. तेव्हा लष्कराला बिंगहॅम्टनच्या भात्याची आठवण झाली. खराब हवेतून लिंक स्वतः काट्यांच्या आधारे उडत अधिकाऱ्यांच्या भेटीस जाऊन पोहोचला. त्याच वर्षी जूनमध्ये सहा यंत्रे विकत घेण्यात आली, प्रत्येकी साडेतीन हजार डॉलरांना. यंत्र आधीही होते. मध्ये प्रेते यावी लागली. कारखान्यातील सुरक्षेची जाळी कधी बसते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांस ह्यात नवल वाटणार नाही. पुढील वर्षी जपानच्या नौदलानेही ही यंत्रे घेतली. महायुद्ध संपेपर्यंत अशी दहा हजारांवर यंत्रे तयार झाली व पाच लाखांवर माणसे त्यांत बसून शिकली.

आता खरेपणाचा मुद्दा. लिंकचे यंत्र कितपत खरे होते? फारसे नव्हते. खरे विमान नीट वळण घेते तेव्हा ते कितीही कलले तरी आतील माणूस आसनावर सरळच दाबला जातो. बाजूला घसरत नाही. लिंकच्या पेटीत तो घसरे. म्हणजे अंगाला जे जाणवे ते खोटे, आणि काटे दाखवीत ते खरे. पण शिकायचे होते तेही हेच. ढगात शिरलेल्या माणसाचा कान त्याला फसवितो. कानाच्या आतील द्रव सावकाश घेतलेल्या वळणात स्थिरावतो, आणि विमान गिरक्या घेत खाली चालले असताना आपण सरळ चाललो आहोत अशी माणसाची खात्री होते. शरीरावर अविश्वास ठेव आणि काट्याकडे पाहा, हा धडा त्या खोट्या पेटीने दिला व कित्येकांचे प्राण वाचविले.

महायुद्धात इंग्लंडमधील सिलोथ येथील विमानतळावर ह्याच भात्यांच्या विद्येवर आणखी एक यंत्र तयार झाले. ते एकट्या वैमानिकासाठी नव्हते, मोठ्या बाँबफेकी विमानाच्या सबंध तुकडीसाठी होते. शिक्षकापुढे एक फळी असे आणि त्या फळीवरून तो हवा तेव्हा बिघाड घडवून आणी: एक इंजिन बंद, तेलाचा दाब खाली, वीज गेली. कोणी काय करायचे, कोणत्या क्रमाने करायचे, हे तुकडीने जमिनीवर चुकून शिकायचे. बिघाड हाच जेथे अभ्यासक्रम झाला, अशी ती शाळा होती.

आता त्या तरुणाच्या स्पिटफायरकडे येतो.

त्या विमानाच्या मर्लिन इंजिनाचा कार्ब्युरेटर तरंगत्या गोळ्याचा होता. आपल्या घरच्या पाण्याच्या टाकीत गोळा वर आला की पाणी बंद होते, तसाच. विमान सरळ चालले असता सर्व ठीक. परंतु वैमानिकाने दांडा पुढे लोटून नाक एकदम खाली घातले, की बस खड्ड्यावरून उसळल्यावर पोटात गोळा येतो तसे सगळेच वर उसळते. पेट्रोल कप्प्याच्या छताला जाऊन चिकटे, तळाशी असलेल्या नळीत हवा जाई आणि इंजिन उपाशी पडे. क्षणभराने उलटे होई: गोळा जागचा हलल्याने पेट्रोलचे दार सताड उघडे राही, पेट्रोल भसाभसा आत येई आणि इंजिन काळा धूर ओकून गुदमरे. जर्मनांच्या मेसरश्मिट 109 ला हा त्रास नव्हता; तिच्या इंजिनात पेट्रोल दाबाने थेट आत फवारले जाई. तेव्हा मागे स्पिटफायर लागले की जर्मन वैमानिक नुसते नाक खाली घालून निसटे. इंग्रज वैमानिकास पाठलाग करायचा तर आधी विमान उलटे करावे लागे व मग दांडा स्वतःकडे ओढून सूर मारावा लागे. तेवढ्यात सावज दूर गेलेले असे.

ह्यावर तोडगा काढला तो फार्नबरो येथील सरकारी विमानसंशोधन संस्थेतील बिआट्रिस शिलिंग ह्या बाईंनी. त्या विजेच्या तारा जोडण्याचे काम शिकून मग इंजिनियर झालेल्या. 1934 साली ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर ताशी शंभर मैलांहून अधिक वेगाने मोटारसायकल हाकून त्यांनी सुवर्णतारका मिळविली होती. त्यांनी नवा कार्ब्युरेटर रचला नाही. पूर्ण जोरावर चालताना इंजिनाला जेवढे पेट्रोल लागते तेवढेच जाऊ देणारे एक मोजून पाडलेले भोक असलेली लहानशी पितळी चकती त्यांनी पेट्रोलच्या वाटेत बसविली. गुदमरणे थांबले. उलटे होऊन फार वेळ उडता येत नसे, पण लढाईपुरते भागले. विशेष म्हणजे ती बसविण्यासाठी विमान कारखान्यात परत न्यावे लागत नव्हते. मार्च 1941 पासून शिलिंगबाई व त्यांचे थोडे सहकारी एकेका विमानतळावर जाऊन चकत्या बसवीत फिरले.

आमच्या तरुणाच्या पदरी असे आणखी काही 'बिघाड' आले होते. धावपट्टीपर्यंत जाण्याआधीच त्याचे इंजिन तापून उकळे. कारण असे, की त्या सुरुवातीच्या स्पिटफायरचे पाणी थंड करणारे यंत्र उजव्या पंखाखाली, चाकाच्या पायामागे आडोशाला होते. जमिनीवर रेंगाळले की वारा लागत नसे. वेग घेताना त्याचे विमान डावीकडे ओढले जाई; त्याला वाटे जॉयस्टिक वाकडी आहे. पंखा ज्या दिशेने फिरतो त्यामुळे हे होते. पुढे ग्रिफन इंजिनाची स्पिटफायर आली, तिचा पंखा उलट दिशेने फिरे व ती उजवीकडे ओढी. सवयीने डाव्याचा बंदोबस्त करणारे कसलेले वैमानिकही तेथे फसत. गोळ्या लवकर संपतात, ही त्याची तक्रार तर अगदीच खरी. आठ बंदुका, प्रत्येकीत तीनशे गोळ्या; घोडा दाबून धरला तर पंधरा सेकंदांचा खेळ.

हे सारे आम्ही एवढ्या जिव्हाळ्याने का सांगतो? यंत्र बंद पडले की पहिले बोट चालविणाऱ्याकडे वळते, हे आम्ही आयुष्यभर पाहिले. आमच्या एका सभासदाची दोन बोटे यंत्रात गेली. चौकशीत निष्कर्ष निघाला: निष्काळजीपणा. तीन महिने कागद शोधल्यावर दिसले, की त्या यंत्राचे झाकण उत्पादन वाढावे म्हणून आधीच्या वर्षी काढून ठेवले होते. सिम्युलेटरवर खेळणारा तरुण प्रथम स्वतःला दोष देतो, मग कंप्युटरला. दोष यंत्राच्या रचनेत, तेही ऐंशी वर्षांपूर्वीच्या, असू शकतो, हे त्याच्या मनात येतच नाही. तसे मनात येऊ लागणे, हा आमच्या मते ह्या खेळाचा सर्वात मोठा लाभ.

आता आमची तक्रार. 1998 साली मायक्रोसॉफ्टचा विमानयुद्धाचा खेळ आला, 2001 साली रशियातून इल्यूशिन विमानाच्या नावाचा आला, आणि तेव्हापासून खरेपणाची चढाओढ चालू आहे. खेळाच्या आरंभी एक यादी येते: इंजिन तापावे की नाही, विमान ओढले जावे की नाही, गोळ्या संपाव्यात की नाही. सगळ्यांवर खूण केली की 'पूर्ण खरेपणा' मिळतो. त्या पूर्ण खरेपणात विमान रोज सकाळी पेट्रोल भरून, बंदुका भरून, काच पुसून उभे असते. कोणी उभे केले? खऱ्या लढाईत एकेका विमानामागे इंजिनाचा फिटर, सांगाड्याचा रिगर, बंदुकांचा आर्मरर पहाटेपासून राबत. साउदम्प्टनचा स्पिटफायरचा कारखाना सप्टेंबर 1940 मध्ये बाँबखाली गेल्यावर ते काम आसपासच्या गावांतील मोटारगॅरेजांत, धुलाईकेंद्रांत, बसच्या आगारांत वाटले गेले व विमाने निघत राहिली. ग्लासगोजवळ हिलिंग्टन येथे मर्लिन इंजिने करणाऱ्या बायकांनी 1943 साली, ऐन युद्धात, संप केला; त्याच यंत्रावर तेच काम करून पुरुषाहून कमी पगार का, एवढाच त्यांचा सवाल होता. अखेर यंत्रांची नावनिशीवार यादी झाली आणि दर यंत्राला ठरला, ते चालविणारा पुरुष असो वा स्त्री. मर्लिनचा आवाज खेळात इतका अस्सल येतो की अंगावर काटा उभा राहतो. पण हे लोक त्यात नाहीत. इंजिनाचा दोष ठेवण्याइतके प्रामाणिक राहिलेले लोक तो दुरुस्त करणाऱ्याला मात्र विसरले.

आम्ही त्या तरुणाला कार्ब्युरेटरची हकिगत सांगितली. पुढल्या रविवारी त्याने आम्हांस घरी बोलावले. मेसरश्मिट नाक खाली घालून पळाली. ह्याने घाई केली नाही. आधी विमान उलटे केले, मग दांडा ओढला. इंजिन खोकले नाही. मेसरश्मिट निसटलीच, पण तो खूष होता. मग म्हणाला, "अण्णा, त्या बाईंची चकती ह्यात कुठं बसवायची?" आम्ही दोघांनी ती यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. बसविण्याची सोय नव्हती. पुढच्या सालचे विमान निवडले, की ती आधीच बसलेली मिळते.