कुलाब्याचे अफगाण चर्च : मध्ययुगीन इंग्लिश वास्तुशैली आणि कोकणातील सैनिकांची स्मृती

प्रस्तावना :
हेदवी परिसरातील माणसाला देवालय म्हटले की दशभुज लक्ष्मीगणेशाचे मंदिर आठवते. गाभारा, सभामंडप, दीपमाळ या गोष्टींचा अर्थ त्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही. इंग्लंडमधील ग्रामीण माणसाच्या मनात हेच स्थान मध्ययुगीन पॅरिश चर्चला असते. पॅरिश म्हणजे एका धर्मगुरूच्या देखरेखीखालील गाव किंवा वस्ती. त्या वस्तीचे बारसे, विवाह आणि दफन यांची नोंद ज्या वास्तूत होते ते पॅरिश चर्च होय. महाराष्ट्रात मध्ययुगीन अँग्लिकन चर्च असणे इतिहासदृष्ट्या शक्य नाही. तथापि त्याच वास्तुशैलीचे पुनरुज्जीवन करून उभारलेले कुलाब्याचे संत जॉन चर्च, म्हणजेच अफगाण चर्च, मुंबईत आहे. या चर्चच्या रचनेचा परिचय करून देणे आणि त्या रचनेत कोणाची स्मृती कोठे ठेवली गेली याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
मुंबईतील पहिले अँग्लिकन चर्च, संत थॉमस चर्च, इ.स. १७१८ मध्ये उपासनेसाठी खुले झाले. इ.स. १८३७ मध्ये त्याला कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. पुढील काही वर्षांत पहिले अफगाण युद्ध (१८३९-४२) आणि सिंधची मोहीम (१८४३) झाली. मुंबई लष्कराच्या पलटणींनी गझनीचा वेढा (१८३९), काहानचा बचाव (१८४०) आणि मियाणीची लढाई (१८४३) यांत भाग घेतला. तलवारीने जितके सैनिक पडले त्यांच्या जोडीला रोगराईनेही अनेकांचा बळी घेतला. या मृतांचे स्मारक म्हणून कुलाब्यास चर्च बांधण्याची कल्पना पुढे आली. ४ डिसेंबर १८४७ रोजी पायाभरणी झाली आणि ७ जानेवारी १८५८ रोजी बिशप हार्डिंग यांच्या हस्ते चर्चचा पवित्रीकरण विधी पार पडला. मनोऱ्याचे काम मात्र इ.स. १८६५ पर्यंत चालले. सर कावसजी जहांगीर या पारशी दानशूराने त्यासाठी मोठी देणगी दिली, ही बाब विशेष उल्लेखनीय आहे.

वास्तुरचना :
याच काळात इंग्लंडमध्ये एक वैचारिक चळवळ जोर धरून होती. तेराव्या-चौदाव्या शतकातील गॉथिक शैली हीच खरी ख्रिस्ती वास्तुशैली होय, असे तिचे प्रतिपादन होते. इ.स. १८३९ मध्ये स्थापन झालेल्या केंब्रिज कॅम्डेन सोसायटीने या मताचा हिरिरीने प्रसार केला. मुंबईतील अभियंता हेन्री कॉनिबेअर याने अफगाण चर्चचा आराखडा याच विचाराला अनुसरून केला.

मध्ययुगीन पॅरिश चर्चचे प्रमुख घटक येथे स्पष्टपणे दिसतात. उपासकांसाठी लांबट मध्यदालन, त्याच्या दोन्ही बाजूंना स्तंभ व टोकदार कमानींनी वेगळे केलेले पार्श्वपथ, आणि पूर्वेच्या टोकाला वेदी असलेले चॅन्सेल अशी ही रचना आहे. चॅन्सेल सुमारे ५० फूट लांब व २७ फूट रुंद आहे. आपल्या मंदिरात सभामंडपातून गाभाऱ्याकडे जाताना पावित्र्य जसे वाढत जाते, तसेच येथे मध्यदालनातून चॅन्सेलकडे जाताना घडते. पूर्व व पश्चिम बाजूंच्या रंगीत काचांच्या खिडक्या विल्यम वेल्स याच्या आहेत. फरशीचे व वेदीमागील सजावटीचे काम विल्यम बटरफिल्ड याच्या आराखड्यानुसार झाले असून फरश्या इंग्लंडहून आणलेल्या आहेत.

आराखडा परदेशी असला तरी दगड येथलाच आहे. भिंतींना कुर्ल्याचा पिवळसर दगड, तर स्तंभ व कमानींना पोरबंदरचा चुनखडीचा दगड वापरला आहे. सुमारे १९८ फूट उंचीचा निमुळता मनोरा बंदरात शिरणाऱ्या जहाजांना दूरवरून खुणेसारखा दिसत असे.

स्मृतीची मांडणी :
इंग्लंडमधील पॅरिश चर्चच्या आवारात त्याच गावातील पिढ्यान्‌पिढ्यांची थडगी असतात. अफगाण चर्चमध्ये ज्यांचे स्मरण केले आहे ते मात्र शेकडो कोस दूर मातीआड झाले. म्हणून येथे थडग्यांची जागा शिलालेखांनी घेतली. अधिकाऱ्यांची नावे चॅन्सेलच्या भिंतींवर, म्हणजे वास्तूतील सर्वांत पवित्र भागात, कोरलेली आहेत. सामान्य शिपायांची संख्या इतकी मोठी होती की त्यांची नावे लिहिणे शक्य झाले नाही, अशा आशयाचा उल्लेख स्मारकलेखात आहे. लष्करातील श्रेणी अशा रीतीने दगडातही उतरली.

रत्नागिरी जिल्ह्याच्या दृष्टीने हा मुद्दा महत्त्वाचा आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबई लष्कराच्या भरतीत या जिल्ह्याचा वाटा मोठा होता. दापोलीस लष्करी छावणी होती व निवृत्त सैनिकांची वस्तीही होती. मंडणगड तालुक्यातील आंबडवे हे मूळ गाव असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्यात आजोबा मालोजी व वडील रामजी हे दोघेही लष्करात होते. त्यामुळे स्मारकलेखातील त्या अनाम शिपायांमध्ये कोकणातील मराठा, महार आदी समाजांतील पुरुषही होते, असे मानण्यास आधार आहे.

निष्कर्ष :
इ.स. १९७० मध्ये नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि मुंबईतील अँग्लिकन चर्च तीत विलीन झाले. मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीने अफगाण चर्चच्या दगडांना संरक्षण मिळाले. त्या दगडांवर न कोरलेल्या नावांना मात्र कोणत्याही नियमावलीचे संरक्षण नाही. ती नावे कुठे शिल्लक असतील तर ती गावोगावच्या जुन्या पेन्शनच्या कागदांत, कुळकथांत आणि घरात जपलेल्या बिल्ल्यांत असतील. अशा साधनांचे संकलन स्थानिक महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी हाती घेतल्यास चॅन्सेलच्या भिंतीवर जे लिहिले गेले नाही, ते निदान कागदावर तरी येऊ शकेल.