किरणोत्सर्ग किती लागला? रक्तातली गुणसूत्रे सांगतात

किरणोत्सर्ग दिसत नाही, त्याला वास नसतो. मग मात्रा मोजणारा बॅज नसलेल्या माणसाला तो किती लागला, हे कसे कळते? त्याच्या रक्तावरून.

खूण कोणती?
किरणोत्सर्गाने पेशीतील डीएनए तुटतो. दोन गुणसूत्रे एकाच वेळी तुटली, तर दुरुस्ती करताना पेशी कधीकधी चुकीची टोके जोडते. एरवी गुणसूत्राला एकच गुणसूत्रबिंदू असतो. इथे दोन बिंदू असलेले ‘द्विकेंद्री’ गुणसूत्र तयार होते. निरोगी माणसात ते हजार पेशींत जेमतेम एखादे सापडते. त्यामुळे ही संख्या वाढली की संशय आधी किरणोत्सर्गावर जातो.

चाचणी कशी करतात?
थोडे रक्त घेऊन त्यातील लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी 37 अंश सेल्सिअसला सुमारे 48 तास वाढवतात. औषध देऊन पेशींचे विभाजन मध्येच थांबवतात, कारण तेव्हा गुणसूत्रे सुटी आणि ठळक दिसतात. मग 500 ते 1000 पेशी सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. आधीच तयार केलेल्या आलेखाशी आकडा ताडला की मात्रेचा अंदाज येतो.

उपयोग कुठे झाला?
1987 साली ब्राझीलमधील गोयानिया शहरात, बंद पडलेल्या रुग्णालयातील उपकरण भंगारात गेले आणि त्यातील सीझियम-137 लोकांच्या हाती पडले. चौघांचा मृत्यू झाला. बॅज कोणाकडेच नव्हते. शंभराहून अधिक लोकांचे रक्त तपासले गेले. नुसत्या उलट्यांवरून अंदाज चुकू शकतो, कारण भीतीनेही उलट्या होतात. गुणसूत्रांमुळे कोणाला जास्त धोका आहे आणि कोणाला धीर देऊन घरी पाठवता येईल, हे ठरवायला मदत होते.

इतर पद्धती
द्विकेंद्री गुणसूत्रे असलेल्या पेशी काही वर्षांत कमी होतात. जुना संपर्क शोधायचा असेल, तर ‘फिश’ पद्धतीने गुणसूत्रे चमकत्या रंगांनी रंगवतात. तुकड्यांची अदलाबदल झालेली गुणसूत्रे दीर्घकाळ टिकतात. ‘सूक्ष्मकेंद्रक’ चाचणीत मुख्य केंद्रकाबाहेर राहिलेले गुणसूत्रांचे तुकडे मोजतात. ती सोपी आहे, पण किरणोत्सर्गाची खूण म्हणून तेवढी नेमकी नाही.

एक्स-रे काढला, चाचणी करावी का?
नाही. द्विकेंद्री चाचणीला साधारण 0.1 ग्रेपेक्षा कमी मात्रा ओळखता येत नाही. छातीच्या एक्स-रेची मात्रा त्याच्या कितीतरी पट कमी असते. ही चाचणी अपघातासाठी आहे, नेहमीच्या तपासणीसाठी नाही.