भाग 31 : कोल्हापूरचा समुद्र, कुपा आणि परतीचा कॅन

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाचं लेखी रूप. बोललेलं थोडं नीट केलंय, पण फार नाही. त्यामुळे मध्येच गप्पा मारल्यासारखं वाटलं तर समजून घ्या.

सुरुवात एका एक्सेल शीटपासून करतो. मी कोल्हापूरचा, कामानं सॉफ्टवेअर इंजिनिअर. माझा एक मावसभाऊ मालवणला असतो. त्याच्याकडे 22 फुटी फायबरची होडी आहे, मागं 40 हॉर्सपॉवरचं एक आउटबोर्ड इंजिन. मागच्या दिवाळीनंतर आमचं ठरलं, की यंदा किनाऱ्याजवळ बांगडे पकडत बसायचं नाही. लांब जायचं आणि कुपा पकडायचा. कुपा म्हणजे ट्यूना. आपल्या किनाऱ्यावर त्याला गेदरही म्हणतात. आता लांब जायचं म्हणजे प्लॅन पाहिजे, आणि प्लॅन म्हटलं की मी शीट उघडणारच.

त्या शीटचं पुढं काय झालं ते शेवटी सांगतो. पण ती भरताना मी जे वाचत गेलो, त्यातून आजचा भाग तयार झाला. प्रश्न साधा आहे: लहान बोट घेऊन लांब समुद्रात जाणारी माणसं आजवर प्लॅनिंग कसं करत आली?

कोल्हापूरला समुद्र होता

आपल्याकडे मासे येतात ते घाट चढून. पण भावांनो, कोल्हापूरला एकेकाळी स्वतःचा समुद्र होता. 1731 च्या वारणेच्या तहानं सातारा आणि कोल्हापूर ही दोन राज्यं रीतसर वेगळी झाली. मालवण आणि सिंधुदुर्ग कोल्हापूरकरांकडे राहिले. 1765 मध्ये मुंबईच्या इंग्रजांनी सिंधुदुर्ग जिंकला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी पैसे घेऊन तो कोल्हापूरला परत केला. शेवटी 1812 च्या तहात मालवण कायमचं इंग्रजांकडे गेलं. समुद्रात लढाऊ जहाजं ठेवणार नाही, हेही कोल्हापूरला कबूल करावं लागलं. थोडक्यात, रंकाळ्याला चौपाटी म्हणायची वेळ आपल्यावर 1812 नंतर आली.

या समुद्राबद्दलचा एक जबरदस्त दस्तऐवजही आपल्याच बाजूचा आहे. मालवणला जाताना गगनबावड्यावरून घाट उतरतो ना, त्या बावड्याची जहागीर होती रामचंद्रपंत अमात्यांची. 1715-16 च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजीराजांच्या काळात, त्यांनी लिहिलेलं 'आज्ञापत्र' शाळेत आपण 'रयतेच्या झाडांना हात लावू नये' एवढ्यापुरतं ऐकलेलं असतं. त्यात आरमारावर अख्खं प्रकरण आहे. ते वाचताना मला ऑपरेशन्स मॅन्युअल वाचल्यासारखं वाटलं.

त्याचा सारांश माझ्या शब्दांत सांगतो. गुराबा फार मोठ्या नकोत, फार लहानही नकोत, मध्यम बांधाव्यात. वाऱ्याशिवाय हलतच नाही असं अवाढव्य जहाज कामाचं नाही. वारा उलटा असेल, तुफान असेल, तर शत्रू समोर असला तरी जहाजं धोक्यात घालायची नाहीत, आसऱ्याला यायचं. आणि पावसाळ्याचा समुद्र खवळायच्या काही दिवस आधीच जहाजं छावणीला आणायची. खवळल्यावर नाही, आधी. छावणीची जागाही दरवर्षी वेगळी, म्हणजे एकाच गावावर दरवर्षी भार पडायला नको.

बघा, लढाईच्या प्रकरणात माघारी कधी यायचं याचे नियम आधीच लिहून ठेवलेत. सॉफ्टवेअरमध्ये आपण याला रोलबॅक प्लॅन म्हणतो, आणि तो नेहमी सगळ्यात शेवटी, घाईघाईत लिहितो.

पाऊणपट तिथी आणि वाव

हे झालं राज्याचं. मच्छीमाराकडे काय होतं? त्याच्याकडे कॅलेंडर होतं. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. जागेप्रमाणे थोडाफार फरक पडतो, मालवणला मुंबईच्या आधी भरती येते, पण ढोबळ अंदाजाला ॲप लागत नाही. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, म्हणजे पाण्याला जोर. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे पाणी शांत.

खोली मोजायला वाव. दोन्ही हात पसरल्यावर जेवढी लांबी होते तेवढा एक वाव, साधारण सहा फूट. दोरीला वजन बांधून सोडायची आणि हातानं ओढत मोजायची. थंडीच्या दिवसांत पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, आणि दुपारी समुद्राकडून खारा वारा येतो. शिडाच्या होडीचा सगळा प्लॅन यावर बसलेला होता: पहाटेच्या वाऱ्यावर बाहेर, दुपारच्या वाऱ्यावर घरी. परतीचं इंधन निसर्गच देणार होता, फक्त वेळ चुकवायची नाही.

आणि वर्षाचा प्लॅन म्हणजे नारळी पौर्णिमा. त्याआधी दर्यात जायचं नाही. आज सरकारी नियमानं साधारण 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते. माशांची वीण हे त्यामागचं एक कारण, पण खवळलेला समुद्र हे जुनं कारण. रामचंद्रपंतांनी जहाजांसाठी लिहिलं, तेच कोळी आणि गाबित समाजाच्या सणात बसलेलं आहे.

इंजिन आल्यावर

इंजिन आलं आणि गणित बदललं. 1921-22 मध्ये मुंबई सरकारनं विल्यम कॅरिक नावाचा वाफेचा ट्रॉलर आणून मुंबईसमोरच्या समुद्रात मासेमारीचा प्रयोग केला. तो धंदा म्हणून टिकला नाही आणि बंद पडला. 1946 मध्ये मुंबईत खोल समुद्रातल्या मासेमारीचं सरकारी केंद्र निघालं. तेच वाढत जाऊन 1983 पासून फिशरी सर्व्हे ऑफ इंडिया या नावानं ओळखलं जातं. किनाऱ्यापासून लांब काय सापडतं, कुठल्या खोलीवर ट्यूना मिळतो, हे अशा सर्वेक्षणांतून कळत गेलं.

हौसेखातर ट्यूना पकडण्याचा इतिहासही मजेशीर आहे. 1898 मध्ये कॅलिफोर्नियाजवळच्या सांता कॅटलिना बेटावर चार्ल्स होल्डर नावाच्या माणसानं रॉडवर 183 पौंडांचा, म्हणजे 83 किलोचा ट्यूना पकडला. त्याच वर्षी तिथं ट्यूना क्लब निघाला. लहान होडी, रॉड आणि मोठा मासा, या हौशी खेळाला तिथून वळण मिळालं. आम्ही दोघं भाऊ त्याच आजाराचे पेशंट.

आमचं टार्गेट होतं अँग्रिया बँक. कान्होजी आंग्र्यांच्या नावानं ओळखलं जाणारं हे पाण्याखालचं पठार, किनाऱ्यापासून साधारण 105 किलोमीटरवर. माथ्यावर पाणी जेमतेम 20 मीटर, बाजूनं एकदम खोल. अशा जागी प्रवाळ, लहान मासे आणि त्यांच्या मागं मोठे मासे. कागदावर एकदम भारी.

मग मी गणित केलं. 105 किलोमीटर म्हणजे सुमारे 57 सागरी मैल. होडीचा वेग ताशी 12 सागरी मैल धरला, तर जायलाच जवळपास पाच तास. इंजिन तासाला 12 लिटर पेट्रोल पितं असं धरलं, तर जायला 60 लिटर, यायला 60. आणि समुद्रातला नियम असा, की एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव. म्हणजे 180 लिटर. 25 लिटरचे सात कॅन भरून आठवा उघडावा लागणार. त्यात दोन-तीन माणसं, पाणी, आणि बर्फ. बर्फावर कंजुसी करून चालत नाही, कारण कुपा उन्हात राहिला तर त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही. 22 फुटी होडीत, एका इंजिनावर, एवढं सगळं! शीटमधला तो सेल मी स्वतःच लाल केला.

दोन नोव्हेंबर

तरी मला वाटत होतं, अँग्रिया नाही तर निदान त्याच्या अर्ध्यापर्यंत जाऊ. तेव्हा भावानं मला शेजारच्या तात्यांकडे नेलं. वय सत्तरीच्या आसपास, आयुष्यभर तांडेल. मी मोबाईलवर शीट दाखवली. ते म्हणाले, "येवचा कधी ता आधी सांग. जावचा कधी ता मगे बघू."

मग त्यांनी फयानचं सांगितलं. 11 नोव्हेंबर 2009. पाऊस संपलेला, दिवाळी झालेली, समुद्र शांत असायचे दिवस. फयान वादळ कोकणाला घासत वर गेलं आणि अलिबाग ते मुंबईच्या दरम्यान किनाऱ्याला धडकलं. रत्नागिरी आणि रायगडच्या अनेक बोटी तेव्हा बाहेर होत्या, आणि काही परत आल्याच नाहीत. तात्या तेव्हा रत्नागिरीच्या एका बोटीवर होते. ते आदल्या दिवशीच आत आले होते, कारण बर्फ संपला होता. बाजूच्या बोटीकडे बर्फ शिल्लक होता, म्हणून ती थांबली. एवढंच सांगितलं त्यांनी. पुढं मी विचारलं नाही.

दुसरा नोव्हेंबर 2017 चा. 30 नोव्हेंबरला केरळ-तामिळनाडूच्या दक्षिण टोकाजवळ ओखी वादळ तयार झालं. तिकडचे खोल समुद्रातले मच्छीमार, ट्यूना आणि मोठे मासे गळानं पकडणारे, काही आठवड्यांच्या सफरीवर असतात. वादळाची बातमी आली तेव्हा बरेचजण किनाऱ्यावरच्या रेडिओच्या टप्प्याबाहेर होते. आणि मग डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सिंधुदुर्गाच्या किनाऱ्याला 68 बोटी आल्या. त्यावर 952 माणसं. घरापासून शेकडो किलोमीटर दूर, पण जिवंत. घरच्यांना तोवर पत्ता नव्हता. याच वादळात कित्येकजण परतले नाहीत.

म्हणजे तीनशे वर्षांत प्रश्न तोच राहिला. बाहेर जाणं दरवेळी सोपं होत गेलं. परत ये हा निरोप पोचवणं मात्र मागं राहिलं.

आता त्यावर काम झालंय. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उपग्रहावरून पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य बघून मासे कुठं मिळण्याची शक्यता आहे ते कळवते. 2019 मध्ये जेमिनी नावाचं यंत्र आलं, त्यातून मोबाईल टॉवर नसलेल्या ठिकाणीही वादळाचा इशारा पोचतो. पण त्यातून उलटं बोलता येत नव्हतं. ऑगस्ट 2024 मध्ये पालघरला दुतर्फा निरोप देणाऱ्या ट्रान्सपाँडरची योजना सुरू झाली, 13 किनारी राज्यं आणि केंद्रशासित प्रदेशांत मिळून एक लाख बोटींसाठी. आमच्यासारख्या हौशी होडीवाल्यांकडे काय? व्हीएचएफ रेडिओ, लाइफ जॅकेट, कोस्ट गार्डचा 1554, आणि बंदरावर तीन नंबरचा बावटा लागला असेल तर घरी बसायची अक्कल.

तीन कॅन

शेवटी आम्ही गेलो. तात्यांना बरोबर घेऊन, भांगाचा दिवस बघून, 25 लिटरचे तीन कॅन घेऊन. तात्यांचा नियम एकच: पहिला कॅन संपला की होडी वळणार, समोर काहीही असो. तिसऱ्या कॅनला त्यांनी सुतळीची गाठ मारून ठेवली होती.

पहाटे मतलई वाऱ्यावर निघालो. मासे शोधत शोधत दक्षिणेला निवतीच्या समोर, बरंच बाहेर गेलो. नऊच्या सुमाराला समोर, फार तर एक मैलावर, पक्षी पाण्यावर तुटून पडताना दिसले. खाली पाणी उकळल्यासारखं. कुपाच! भावानं वेग वाढवला, मी रॉड हातात घेतला, आणि इंजिननं आचका दिला. पहिला कॅन संपला होता.

मी म्हणालो, तात्या, एकच मैल. त्यांनी दुसरा कॅन जोडला आणि होडी वळवली. म्हणाले, "मासो उद्या पण गावतलो. पेट्रोल दर्यात गावना नाय."

मी तासभर कोणाशी बोललो नाही. खरं सांगतो, राग आला होता. मग वारा आला, रोजच्या वेळेच्या आधी आणि रोजच्यापेक्षा जोरात. आम्हाला उत्तरेला जायचं होतं आणि वारा वायव्येचा, म्हणजे जवळपास तोंडावर. होडी लाटेवर आपटायला लागली, वेग निम्म्यावर आला. सिंधुदुर्गाचा तट दिसायच्या आधीच दुसरा कॅन संपला. तात्यांनी काही न बोलता सुतळीची गाठ सोडली.

मालवणच्या जेटीला लागलो तेव्हा तिसऱ्या कॅनमध्ये अर्ध्याच्या आसपास पेट्रोल होतं. माझ्या शीटमध्ये परतीचा खर्च जाण्याइतकाच धरला होता. तो दीडपट निघाला. तो एक मैल, तिथं मासा ओढण्यात गेलेला तासभर, आणि तोवर वाढलेला वारा, हे सगळं धरून मी घरी पुन्हा हिशोब केला. आकडा शून्याच्या इतका जवळ आला, की मी लॅपटॉप बंद केला.

आता त्या शीटमध्ये पहिला कॉलम परतीच्या वेळेचा आहे. त्यावरून मागं मोजत निघायची वेळ येते. आईनं विचारलं, मासे मिळाले का? मग मालवणच्या बाजारातून एक कुपा विकत घेतला, बर्फात घालून गगनबावड्यावरून घरी आणला. तांबड्या रश्श्यात तो चांगला लागतो, करून बघा.

तुमच्या घरात कोणी दर्यावर्दी असतील, त्यांच्याकडे असे परतीचे नियम असतील, तर नक्की कळवा. पुढच्या एखाद्या भागात वाचून दाखवीन. भेटू पुढच्या रविवारी!