जिन्याच्या पायरीवरील आच्छादन

मोहेंजोदडो येथील सुप्रसिद्ध स्नानकुंड १९२५-२६ सालच्या उत्खननांत उघडकीस आलें. सुमारें १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद व २.४ मीटर खोल अशा ह्या कुंडांत उत्तरेकडून व दक्षिणेकडून विटांच्या पायऱ्या उतरतात. ह्या पायऱ्यांच्या कडांशीं खांचा आढळल्या असून त्यांत लांकडी फळ्या डांबरानें बसविलेल्या असाव्या, असें संशोधकांचें अनुमान आहे. तें खरें असेल, तर ओल्या पायाखालीं उघडी वीट असूं नये, ही काळजी सिंधुकांठच्या लोकांनीं चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं घेतली होती असें म्हणावें लागेल.

महाराष्ट्रांतील जुन्या वाड्यांत मात्र पायरीवर कांहीं अंथरण्याची चाल पडली नाहीं. वाड्याचा जिना म्हणजे जाड भिंतीच्या पोटांतून वर गेलेली एक अरुंद, काळोखी वाट. पायऱ्या उंच, पाय ठेवावयास जागा बेताची, आणि कांहीं ठिकाणीं धरावयास वरून सोडलेला दोर. असा जिना शत्रूस अडविण्यास सोयीचा खरा. घरांतील म्हाताऱ्या माणसांस तो किती सोयीचा होता, हें बखरकारांनीं लिहून ठेवलेलें नाहीं! तरीही तेथें आच्छादनाची गरज भासली नाहीं, ह्याचें कारण सोपें आहे. जोडे दाराशीं राहत. अनवाणी तळवा टांकीच्या दगडाला किंवा सागाच्या फळीला चांगला धरतो. बोटें कड चांचपतात. जाजमें व सतरंज्या होत्या, पण त्यांची जागा बैठकींत.

युरोपांत घरांतही बूट पायांत राहत, आणि बुटाचें गुळगुळीत कातडें व घासलेलें लांकूड ह्यांची जोडी वाईट. शिवाय लांकडी जिन्यावर बुटांचा आवाज फार होई. म्हणून तेथें जिन्याच्या मधोमध गालिच्याची पट्टी घालून प्रत्येक पायरीच्या मुळाशीं पितळी गज अडकविण्याची पद्धत रूढ झाली. चतुर गृहिणी ही पट्टी गरजेपेक्षां थोडी लांब घेई व मधूनमधून ती थोडी वर अथवा खालीं सरकवी; त्यामुळें एकच जागा सतत कडेवर येऊन झिजत नसे. ह्या लहानशा युक्तींत जिन्याचें सगळें मर्म आहे. पायरी झिजते ती कडेला, आणि माणूस घसरतो तोही कडेवरूनच. उतरतांना पावलाचा पुढचा भाग कडेजवळ टेकतो व शरीराचा सारा भार क्षणभर तेवढ्यावर येतो.

गालिचा महाग म्हणून स्वस्त आच्छादनाचा शोध चालू होता. एलायजा गॅलोवे ह्यानें १८४४ सालीं रबर व बुचाचा भुसा ह्यांपासून 'कॅम्प्टुलिकॉन' नांवाचें जाड आच्छादन काढलें. लंडनच्या पार्लमेंटगृहांत तें वापरलें गेलें, परंतु रबराचा भाव चढला आणि तें मागें पडलें. त्यानंतर फ्रेडरिक वॉल्टन आला. रंगाच्या डब्यांत जवसाच्या तेलावर जी चिवट साय धरते, ती पाहून त्याला कल्पना सुचली. तें घट्ट झालेलें तेल, राळ व बुचाचा भुसा एकत्र मळून कापडावर थापावयाचा, अशी त्याची कृति. १८६३ सालीं त्यानें पेटंट घेतलें व पुढल्या वर्षीं स्टेन्स येथें कारखाना काढला. जवस व तेल ह्या अर्थांच्या दोन लॅटिन शब्दांवरून त्यानें 'लिनोलियम' हें नांव बनविलें. नांव इतकें रुळलें कीं, १८७८ सालीं तें आपलेंच आहे असा दावा त्याच्या कंपनीनें लावला असतां तो फेटाळला गेला. हिंदुस्थानांतून विलायतेस जवस व ताग दोन्ही जात. आपलाच माल रूप पालटून मुंबईच्या कचेऱ्यांत व बंगल्यांत परत येई.

सपाट जमिनीवर लिनोलियम उत्तम. जिन्यावर मात्र तें कडेशीं वांकवावें लागतें आणि तेथेंच तडकतें. त्यावर मेण घासून चकाकी आणली तर पाय निसटलाच. म्हणून कडेला पितळेची पट्टी ठोकावी लागे. ह्या मानानें काथ्याची चटई अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल. आलेप्पी येथें जेम्स डॅरा ह्यानें १८५९ सालीं कारखाना काढल्यावर तिचा मोठा व्यापार सुरू झाला. काथ्या खरखरीत असतो व ओलीनें लवकर कुजत नाहीं. मात्र चटई पायरीला घट्ट जखडलेली हवी.

१९२२ सालीं मुंबईस 'भारत टाइल्स' ही कंपनी निघाली आणि सिमेंटच्या देशी फरश्यांचें युग आलें. १९३० नंतर उठलेल्या नव्या इमारतींतून मोझेइकचे जिने दिसूं लागले. झाडावयास सोपे, पुसावयास सोपे, आणि पावसाळ्यांत छत्रीचें पाणी गळालें कीं तितकेच निसरडे. ह्यावर चांगला तोडगा म्हणजे पायरीच्या कडेशीं कार्बोरंडमच्या कणांची खरखरीत पट्टी. एडवर्ड ॲचेसन ह्यानें १८९१ सालीं भट्टींत तयार केलेला हा पदार्थ इतका कठीण आहे कीं, पायरी झिजली तरी त्याचे कण डोकें वर काढून राहतात. आजच्या घरांत पॉलिश केलेला ग्रॅनाइट किंवा आरशासारखी व्हिट्रिफाइड फरशी जिन्यावर बसवितात आणि कडेला खांचाही पाडीत नाहींत. ही श्रीमंती घरांतल्या आजीबाईंच्या हाडांवर बेतते.

आच्छादन घालतांना एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाहीं. फ्रान्सुआ ब्लोंदेल ह्या फ्रेंच वास्तुशास्त्रज्ञानें १६७५ पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत असा नियम घातला कीं, पायरीच्या उंचीची दुप्पट व तिची रुंदी मिळून २४ फ्रेंच इंच, म्हणजे सुमारें ६५ सेंटिमीटर, व्हावी. कारण तेवढें मनुष्याचें सहज पाऊल. भारताच्या २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेंत राहत्या घरासाठीं रुंदी निदान २५० व उंची फार तर १९० मिलिमीटर सांगितली आहे. बेरीज ६३० येते, म्हणजे ब्लोंदेलच्या फार दूर नाहीं. आतां अशा जिन्याच्या सर्व पायऱ्यांवर एक सेंटिमीटर जाडीची चटई बसविली आणि खालची व वरची जमीन तशीच ठेवली, तर मधल्या पायऱ्या एकमेकींशीं जुळतील. परंतु तळची पायरी एक सेंटिमीटरनें उंच होईल आणि शेवटची तितकीच ठेंगणी. पावलाला एकदां सवय लागली कीं तें पुढची पायरी न पाहतां पडतें, आणि एवढा फरकही अडखळावयास पुरतो. ह्यासाठीं आच्छादन पातळ असावें, अथवा त्याच जाडीचें खालच्या व वरच्या जमिनीवरही घालावें. मऊ, जाड गादीसारखें आच्छादन कड गोल करतें व पाय ठेवण्याची जागा कमी करतें. तें बैठकींतच शोभतें. रंगीबेरंगी नक्षीही टाळावी, कारण उतरतांना कड दिसली पाहिजे. आणि जिन्याच्या तोंडाशीं वरच्या मजल्यावर सुटें पायपुसणें असेल, तर तें आजच उचलून न्हाणीघराच्या दाराशीं टाकावें.