झोपडीचे दप्तर

गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३०च्या दशकात प्रसिद्ध झाले. पेशव्यांच्या घरगुती आयुष्याचे कागदही त्यांत आले. नोंदलेली माणसे केव्हाच निवर्तली होती. खासगीपणाचा प्रश्न काळानेच निकालात काढला होता. परंतु नोंदलेला माणूस हयात असेल आणि त्याचे छप्परच त्या नोंदीवर उभे असेल तर? हा प्रश्न आम्हांला साकीनाक्याकडे नेतो.

खैरानी रोडच्या वस्त्यांना बखर नाही, वतनाची सनद नाही. मुंबईतील इतर झोपडपट्ट्यांप्रमाणे त्यांचाही लेखी इतिहास मुख्यतः सरकारी गणनांत सापडतो. जानेवारी १९७६मध्ये शासनाने मुंबईतील झोपड्यांची गणना केली. त्यातून फोटोपास आले. पुढे संरक्षणाची तारीख सरकत १ जानेवारी १९९५ आणि नंतर १ जानेवारी २००० वर आली. पुनर्वसन योजनेतील पात्र-अपात्रांची यादी, म्हणजे ‘परिशिष्ट-दोन’, हरकतींसाठी जाहीर होते. गरिबाचे नाव आणि त्याची अपात्रता अशी चव्हाट्यावर येते, हे सुखाचे नाही. तथापि यादीत घुसडलेले किंवा तिच्यातून गाळलेले नाव ओळखू शकतो तो शेजारीच.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ ने वैयक्तिक माहितीस संरक्षण दिले, पण त्याच पोटकलमात व्यापक लोकहिताची वाटही ठेवली. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने केलेली दुरुस्ती नोव्हेंबर २०२५मध्ये अमलात आली आणि ती वाट तेथून गेली. लोकहिताचा विचार आता कलम ८(२)वर विसंबून आहे. कलम ८(३) मात्र शाबूत आहे. वीस वर्षांपूर्वीच्या बाबींची माहिती द्यावी, असे ते सांगते. त्याला अपवाद तीन: राष्ट्राची सुरक्षितता व तत्सम हितसंबंध, विधिमंडळांचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद. वैयक्तिक माहिती त्यांत नाही. या शब्दांनुसार १९७६ची गणनाच नव्हे, तर २०००पूर्वीच्या वास्तव्याचे पुरावेही खुल्या दप्तराच्या बाजूस येतात.

म्हणून सरसकट उघडावे, असे आम्ही म्हणत नाही. नाव, झोपडीचा क्रमांक आणि वास्तव्याचे वर्ष खुले असावे. छायाचित्र, आधार क्रमांक, बँकेचे खाते झाकलेले असावे. हा विवेक न करता अवघे दप्तरच बंद केले, तर खासगीपण झोपडीवासीयाचे राखले जाणार नाही, यादीत फेरफार करणाऱ्याचे राखले जाईल. इतिहासकार शंभर वर्षे थांबू शकतो. घराची वाट पाहणाऱ्याला तेवढी सवड नसते.