बीबी आयेशा : साक्षीची पारख

ज्या करवीरनगरीत राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०६ साली मुस्लिम समाजाच्या शिक्षणासाठी पुढाकार घेऊन संस्था उभी केली, त्या नगरीत इस्लामच्या आरंभकाळातील एका विदुषीचे चरित्र सांगण्यास फार मोठ्या प्रस्तावनेची गरज नाही. ही विदुषी म्हणजे पैगंबर महंमद यांच्या पत्नी व पहिले खलिफा अबू बक्र यांच्या कन्या बीबी आयेशा होत.

पैगंबरांच्या उक्ती व आचरण यांविषयीच्या वृत्तान्तास हदीस म्हणतात. इ. स. ६३२ मध्ये पैगंबर निवर्तले, तेव्हा हे वृत्तान्त मुख्यत्वे त्यांच्या सहकाऱ्यांच्या स्मरणात होते. सुन्नी परंपरेच्या गणनेप्रमाणे अबू हुरैरा यांच्या नावावर ५३७४, तर बीबी आयेशांच्या नावावर २२१० हदीस आहेत. परंतु त्यांचे खरे मोठेपण या संख्येत नसून, इतरांनी सांगितलेले त्यांनी पारखून घेतले, यात आहे.

नमाज पढणाऱ्यापुढून स्त्री, गाढव किंवा कुत्रे गेल्यास नमाज भंगतो, असे काहीजण सांगत. स्त्रियांना या पंक्तीस बसविल्याबद्दल बीबींनी त्यांची चांगलीच कानउघाडणी केली. पैगंबर नमाज पढत असता आपण त्यांच्यासमोर आडव्या झालेल्या असू, हा स्वानुभव त्यांनी पुढे केला. घरच्यांच्या रडण्याने मृतास यातना होतात, असे अब्दुल्ला इब्न उमर सांगत. एकाच्या पापाचा भार दुसऱ्यावर पडत नाही, या कुराणातील तत्त्वाशी हे जुळत नाही, असा बीबींचा आक्षेप होता. तथापि इब्न उमर यांना त्यांनी खोटे म्हटले नाही. त्यांच्या स्मरणात वा समजुतीत चूक झाली असावी, एवढेच म्हटले. सांगणारा प्रामाणिक असूनही सांगणे चुकीचे असू शकते, हा विवेक आम्हांस फार मोलाचा वाटतो.

हा विवेक त्यांच्या ठायी कोठून आला असावा? एका मोहिमेवरून परतताना हरवलेला हार शोधण्यात त्या मागे राहिल्या, आणि सफवान नावाच्या तरुणाने त्यांना तळावर आणून पोहोचविले. एवढ्यावरून मदीनेत कुजबूज उठली व सुमारे महिनाभर त्यांना लोकापवाद सोसावा लागला. पुढे कुराणातील आयतींनी त्यांना निर्दोष ठरविले, आणि स्त्रीवर असा आरोप करणाराने चार साक्षीदार आणावेत, असे बंधन घातले. ऐकीव गोष्टीचा घाव ज्याने सोसला, तो ऐकीव गोष्टीबद्दल सावध राहणार, असे आम्ही मानतो.

इ. स. ६५६ मध्ये बसऱ्यानजीकच्या उंटाच्या लढाईत त्या अलींच्या विरोधात उभ्या राहिल्या. त्यांचा पराभव झाला. अलींनी त्यांना सन्मानाने मदीनेस पोहोचविले. तेथे त्यांनी पुढील सुमारे वीस वर्षे विद्यादानात घालविली. त्यांचा भाचा उर्वा याच शिक्षणातून मोठा विद्वान झाला. चौदाव्या शतकात झरकशी या पंडिताने त्यांच्या दुरुस्त्यांचा स्वतंत्र ग्रंथच रचला.

बखरींतील मजकूर अस्सल पत्रांशी ताडून पाहावा, हा राजवाड्यांचा आग्रह आपण जाणतो. त्याच जातीची कसोटी मदीनेतील एका स्त्रीने तेराशे वर्षांपूर्वी लावली होती. इ. स. ६७८ च्या सुमारास त्यांचे निधन झाले. त्यांची अंत्यप्रार्थना अबू हुरैरा यांनी चालविली, असे परंपरा सांगते. याच अबू हुरैरांच्या वृत्तान्तांवरही बीबींनी अनेकदा आक्षेप घेतले होते. मतभेदाने आदर उणावत नाही, याची याहून बोलकी साक्ष कोणती?