‘काय भाव गेलं?’ : आपोआप खपणाऱ्या कल्पनांचा इतिहास

वाशीम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीर. यांपैकी कुठल्याही गावातल्या इंजिनिअरिंग केलेल्या चार मुलामुलींना विचारा, निदान दोघांच्या डोक्यात एखाद्या अ‍ॅपची कल्पना असतेच. अ‍ॅप बनवणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. अवघड आहे ते पुढचं. ते लोकांच्या फोनमध्ये जाणार कसं? जाहिरातीला पैसे नाहीत, ओळखीचा गुंतवणूकदार नाही, आणि प्ले स्टोअरवर आपल्यासारखी लाखो अ‍ॅप्स रांगेत उभी आहेत. म्हणून नवख्यांना एक सल्ला हमखास मिळतो : खपवायला सोपी असेल अशीच कल्पना निवडा.

सल्ला चांगला आहे. पण ‘खपवायला सोपी’ म्हणजे नेमकी कशी, हे सल्ला देणारा सहसा सांगत नाही. मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. या प्रश्नाचं उत्तर मला स्टार्टअपच्या पुस्तकांपेक्षा आपल्याच राज्याच्या इतिहासात जास्त स्पष्ट दिसतं. त्यातल्या काही गोष्टी मोबाइलच्या आहेत, काही मोबाइल हा शब्दही कुणी ऐकला नव्हता तेव्हाच्या.

दीडशे वर्षं जुना प्रश्न

सुरुवात घरापासून करू. आपला जिल्हा १ जुलै १९९८ला अकोल्यातून वेगळा झाला, हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याआधीही तो एकदा जिल्हा होता. इंग्रजांच्या काळात वऱ्हाडचे सहा जिल्हे होते, त्यातला एक बाशीम. १९०५मध्ये तो मोडला आणि त्याचा मोठा भाग अकोल्यात घातला गेला.

त्या काळात या भागाचं पीक म्हणजे कापूस. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस अडला, आणि इंग्लंडच्या गिरण्यांना हिंदुस्थानातला कापूस हवासा झाला. वऱ्हाडातल्या कापसाचा भाव लिव्हरपूलच्या बाजाराशी बांधला गेला. १८७०मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला. पुढे यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची लाइन कारंज्यातून गेली. तीच आपली ‘शकुंतला’. ती आखली गेली कापसासाठी.

ज्याच्या हाताशी तार होती, त्या व्यापाऱ्याला भाव आधी कळायचा. शेतकऱ्याला तो कळायचा व्यापाऱ्याच्या तोंडून. बैलगाडी घेऊन बाजारात आलेला माणूस पहिला प्रश्न विचारायचा तो भावाचा. आज कापसाच्या जागी सोयाबीन आलंय, बैलगाडीच्या जागी पिकअप. प्रश्न मात्र तोच : “काय भाव गेलं?”

आपल्या विषयाचं पहिलं सूत्र इथेच हाती लागतं. एखादा प्रश्न लोक आधीपासून, रोज, आपणहून विचारत असतील, तर त्याचं उत्तर देणारी वस्तू समजावून सांगावी लागत नाही. तिचं मार्केटिंग आधीच झालेलं असतं. आपण फक्त उत्तर घेऊन जायचं असतं.

भिंतीवरचं अ‍ॅप

याचं मराठीतलं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या स्वयंपाकघरात टांगलेलं आहे. १९७३मध्ये जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ सुरू केलं. कॅलेंडर ही दुकानदाराकडून फुकट मिळायची वस्तू होती. पैसे देऊन कॅलेंडर कोण घेणार?

साळगावकरांनी विकली ती निव्वळ तारीख नव्हती. संकष्टी कधी, चंद्रोदय किती वाजता, एकादशी आज की उद्या, लग्नाचे मुहूर्त कधी, हे घरोघरी विचारले जाणारे प्रश्न होते. त्यांची उत्तरं पंचांगात होती, पण पंचांग वाचणं सगळ्यांना जमत नव्हतं. त्यासाठी गुरुजींना गाठावं लागायचं. साळगावकरांनी ते उत्तर सोप्या मराठीत, मोठ्या अक्षरात, तारखेच्या चौकटीत बसवलं. सोबत इतर धर्मांचे सण दिले, पानामागे पाककृती आणि लेख दिले. चौकटीत उरलेली जागा बायकांनी स्वतःच दुधाच्या हिशेबासाठी वापरली.

यात एक बारकावा वाशीमकरांनी बघण्यासारखा आहे. मुंबई साधारण ७२.८ अंश पूर्व रेखांशावर, वाशीम साधारण ७७.१ अंशावर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर केवळ रेखांशामुळे आपल्याकडे चंद्र मुंबईपेक्षा सुमारे १७ मिनिटं आधी उगवतो. दिवसभर उपास केलेल्या बाईला ही १७ मिनिटं मोठी असतात. म्हणून कालनिर्णयमध्ये संकष्टीच्या चंद्रोदयाच्या वेळा वेगवेगळ्या गावांसाठी वेगळ्या छापतात. आज आपण ज्याला ‘लोकेशननुसार माहिती’ म्हणतो, ती हीच. पुढे हे कॅलेंडर अनेक भाषांत निघालं आणि त्याचा खप कोटीच्या वर गेला.

इथून दुसरं सूत्र मिळतं. उत्तर खरं आहे की नाही हे वापरणाऱ्याला त्याच दिवशी, स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता आलं पाहिजे. चंद्र वेळेवर उगवला की विश्वास बसला. विश्वास बसलेली बाई शेजारणीला सांगते, आणि तो प्रचार पैसे देऊन विकत मिळत नाही.

वारणेची ५४ केंद्रं

वाशीम जिल्हा झाला त्याच वर्षी, म्हणजे १९९८मध्ये, राज्याच्या दुसऱ्या टोकाला एक मोठा प्रयोग सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतल्या वारणा खोऱ्यात, वारणा सहकारी साखर कारखान्याच्या परिसरातली सुमारे ७० गावं संगणकाने जोडायची ठरली. केंद्र सरकार, राज्य सरकार आणि सहकारी संस्था एकत्र आल्या. गावोगाव ५४ संगणक केंद्रं उभी राहिली. मनसुबा मोठा होता : शेतीचा सल्ला, बाजारभाव, जमिनीची कागदपत्रं, शिक्षण, रोजगाराची माहिती, सगळं गावातल्या एका टेबलावर.

प्रत्यक्षात शेतकरी त्या केंद्रांवर मुख्यतः कशासाठी यायचे? आपल्या उसाची नोंद झाली का, तोड कधी मिळणार, वजन किती भरलं, खत किती मिळेल. थोडक्यात, कारखान्याशी असलेला रोजचा व्यवहार. बाकीच्या सुंदर सुविधा फारशा कुणी उघडल्या नाहीत.

काही वर्षांनी बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चची मंडळी तिथे गेली. त्यांनी पाहिलं की संगणक जुने झालेत, वीज भरवशाची नाही, दुरुस्ती महाग आहे, आणि एवढा सगळा डोलारा दोन-चार ओळींच्या माहितीसाठी उभा आहे. मग २००६-०७च्या सुमारास सात गावांत त्यांनी संगणकाच्या जागी साधा मोबाइल ठेवला. शेतकऱ्याने एसएमएस पाठवायचा, कारखान्याच्या संगणकातून उत्तर यायचं. खर्च घटला, काम तेच झालं, आणि शेतकरी घरबसल्या स्वतःच्या फोनवरूनही विचारू लागले.

त्याच सुमाराला आफ्रिकेत असंच घडत होतं. केनियात एम-पेसा ही सेवा आधी छोट्या कर्जांचे हप्ते फेडण्यासाठी म्हणून तपासली जात होती. चाचणीत लोक तिचा वापर एकमेकांना पैसे पाठवायला करताना दिसले. २००७मध्ये सेवा बाजारात आली ती ‘घरी पैसे पाठवा’ या एकाच गोष्टीवर. शहरात राबणाऱ्या माणसाला ते समजावून सांगावं लागलं नाही.

वारणा आणि नैरोबी, दोन्हीकडे लोकांनीच योजनाकारांना सांगितलं की यातलं खपणारं काय आहे. दहा सुविधांचं अ‍ॅप कागदावर भारी दिसतं. पण “हे कशासाठी आहे?” याचं उत्तर एका वाक्यात देता येत नसेल, तर ते दुसऱ्याला सांगणार कोण?

खपलं, पण भाव वाढला का?

आता गोष्ट जरा अडचणीची होते. ऑक्टोबर २००७मध्ये रॉयटर्स या आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्थेने ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही सेवा सुरू केली, आणि ती महाराष्ट्रातून. शेतकऱ्याने वर्गणी भरायची. त्याच्या पिकाचा जवळच्या बाजारांतला भाव, हवामान आणि सल्ला मराठी एसएमएसने त्याच्या फोनवर यायचा. कल्पना म्हणून बघाल तर दहापैकी दहा गुण. प्रश्न दीडशे वर्षांचा, उत्तर एका वाक्याचं, ताबडतोब पडताळता येणारं. शेतकऱ्यांनी पैसे मोजून ती घेतलीही.

पुढे मार्सेल फाशां आणि बार्ट मिंटन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी महाराष्ट्रातल्या १०० गावांत तिची नीट चाचणी केली. अभ्यासलेल्या पिकांत टोमॅटो, कांदा, डाळिंब, गहू आणि आपलं सोयाबीनही होतं. काही गावांतल्या शेतकऱ्यांना सेवा देऊ केली, काहींना नाही, आणि दोन्हींची तुलना केली. २०१२मध्ये निष्कर्ष छापून आला : सेवा मिळालेल्या शेतकऱ्यांना सरासरी भाव इतरांपेक्षा जास्त मिळाला, असं म्हणण्याजोगा फरक दिसला नाही.

असं का व्हावं? अर्थशास्त्रज्ञांची कारणं बाजूला ठेवून आपल्या जिल्ह्यातलं कुठलंही घर डोळ्यासमोर आणा. दुसऱ्या बाजारात क्विंटलला शंभर रुपये जास्त आहेत, हे कळलं. पण गाडीभाडं तेवढंच जाणार असेल तर? पोती ठेवायला कोरडी जागा नसेल तर? दिवाळी तोंडावर आली असेल, दुकानदाराची उधारी असेल, आणि अडत्याकडून आधीच उचल घेतलेली असेल तर? मालात ओलावा आहे म्हणून भाव पाडला, तर फोनवरचा आकडा कुणाला दाखवायचा? भाव माहीत असणं आणि तो भाव घेता येणं, या दोन गोष्टींच्या मध्ये सगळी शेती उभी आहे.

खपायला सोपी कल्पना आणि उपयोगाची कल्पना एकच असते, असं आपण गृहीत धरतो. या अभ्यासाने ते गृहीत मोडलं. लोक प्रश्न विचारतात म्हणून उत्तर खपतं. पण तोच प्रश्न त्यांची खरी अडचण असेल, याची खात्री नसते.

आणि एक न खपणारी वस्तू

याच्या बरोबर उलटी गोष्ट लक्ष्मणराव किर्लोस्करांची. १८८८मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढणारा हा माणूस पुढे शेतीच्या अवजारांकडे वळला. कडबा कापण्याचं यंत्र आणि लोखंडी नांगर ही त्यांची सुरुवातीची उत्पादनं. लोखंडाने जमिनीत विष कालवलं जातं, असा तेव्हा शेतकऱ्यांचा समज होता. पहिला नांगर विकायला दोन वर्षं लागली.

आजच्या भाषेत बोलायचं तर ही कल्पना पहिल्याच बैठकीत बाद झाली असती. कुणी मागत नव्हतं, उलट लोक घाबरत होते. पण जमीन खोल नांगरण्याची अडचण खरी होती, आणि लोखंडी नांगर ती खरोखर सोडवत होता. १९१०मध्ये औंधच्या राजांनी कुंडलजवळ दिलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९२०मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक काढलं. ते सुरू झालं कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोचवायला, आणि पुढे मराठीतलं एक मोठं मासिक झालं. खपवायला अवघड वस्तूसाठी लागतो तो हा वेळ आणि ही चिकाटी. दोन्हींना पैसा लागतो. घरचा हप्ता भरणाऱ्या पोराला दोन वर्षं एका गिऱ्हाइकाची वाट बघणं परवडत नाही, हेही तितकंच खरं.

मग वाशीममध्ये बसून काय निवडायचं?

मला या सगळ्यातून एक वाट दिसते. दार लोकांच्या ओठांवरच्या प्रश्नाचं असावं, आणि दाराआड त्यांची खरी अडचण सोडवणारी वस्तू असावी.

नुसता सोयाबीनचा भाव आज व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर सकाळी फुकट येतो. त्याचं आणखी एक अ‍ॅप कुणाला नको आहे. पण त्या प्रश्नाला लागूनच दुसरे प्रश्न उभे असतात. भाडं आणि हमाली वजा करून कुठल्या बाजारात हातात जास्त पडतील? गावातून त्या दिवशी कुणाची गाडी जातेय, त्यात माझी दहा पोती बसतील का? ओलाव्याचं कापणार असतील तर दोन दिवस वाळवून न्यावं का? ‘काय भाव गेलं?’ म्हणून आत आलेल्या माणसाला ‘घरी किती येतील?’ याचं उत्तर मिळालं, तर तो दुसऱ्याला सांगेल. आणि भाडं वाटून घेतलेली गाडी त्याला संध्याकाळी अंगणात दिसेल. तीच त्याची पडताळणी.

लोकांना अ‍ॅप वापरता येत नाही, ही सबब आता चालत नाही. १५ ऑगस्ट २०२१पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली, आणि सातबाऱ्यावर पीक चढवायला शेतकरी बांधावर फोन घेऊन उभा राहिला. ते अ‍ॅप गरजेने वापरलं जातं, कारण नोंद नसेल तर पुढे अडतं. सरकार सक्ती करू शकतं. आपल्याकडे सक्ती नाही, त्यामुळे आपल्याला प्रश्न नीट ऐकावा लागेल.

तो ऐकायला इंटरनेट लागत नाही. बाजार समितीत लिलावाच्या दिवशी तासभर उभं राहा आणि लोक एकमेकांना काय विचारतात ते वहीत उतरवा. मग त्यातल्या प्रत्येक प्रश्नापुढे दुसरा प्रश्न लिहा : याचं उत्तर मिळालं, तर हा माणूस आज काही वेगळं करू शकेल का? ज्या ओळीपुढे ‘हो’ येईल, ती कल्पना.